एका कॅसेटवरच्या दोन चुंबळी

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव आता गोड राहिलेला नाही. अंगावर ओरखडे आहेत, पट्टी चिकट झाली आहे, आणि ज्या दोन घरांच्या भांडणात माझं आयुष्य गेलं त्या दोन्ही घरांचा मला राग आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी, आत दोन चाकं, आणि एका चाकावरून दुसऱ्यावर जाणारी तपकिरी पट्टी. माणसं जातात पण कॅसेटवर आवाज राहतो, असं लोक कौतुकानं म्हणत. ते खरं नाही. आवाजसुद्धा पुसता येतो. मला विचारा.

माझी पहिली आठवण सांगलीतल्या विश्रामबागच्या एका दुकानाची. काचेच्या कपाटात माझ्या शेजारणींच्या अंगावर सिनेमांची रंगीत चित्रं होती. माझ्या अंगावर काहीच नव्हतं. मी कोरी होते. त्यामुळे एका फौजी माणसानं मला उचललं तेव्हा मला हायसं वाटलं. त्याचं नाव ज्ञानू. त्याचं गाव कडेगावच्या पलीकडं, उसाच्या पट्ट्यात. सुट्टी संपवून पलटणीत परत जाताना त्यानं एक टेपरेकॉर्डर आणि मला घरी ठेवलं, आणि बायकोला, अंजनाला सांगितलं की तुला लिहायला येत नाही, पण बोलायला येतं, तर यात बोल आणि गावचा कुणी सुट्टीवरून परत निघाला की त्याच्या हाती पाठवून दे. तेव्हा आमच्याकडं ही रीतच होती. गल्लीगल्लीतली माणसं फौजेत, आणि त्यांच्या बायकांची पत्रं अशी कॅसेटमधून जायची.

अंजनाच्या घराला लागून तिच्या थोरल्या जावेचं, तानुबाईचं घर. भिंत एक, अंगण एक. दोघी मिळून रानात जायच्या. डोक्यावर भाकरीची पाटी, आणि पाटीखाली जुन्या लुगड्याचं वेटोळं. त्या वेटोळ्याला चुंबळ म्हणतात. चुंबळ नसेल तर पाटी डोक्याला रुतते. त्या चुंबळीवर तानुबाईनं एक गाणं रचलं होतं, आणि अंजनाच्या गळ्यात ते फार शोभायचं.

एका दुपारी दोघी माझ्यासमोर बसल्या. अंजना गायली,

डोईवर माझ्या पाटी, खाली लुगड्याची चुंबळ,
माय गेली, तरी तिचं माझ्या डोक्याला ग बळ.

काय आवाज होता तो! जात्यातून पीठ पडावं तसा अखंड. शेवटचं कडवं मात्र तिला आठवेना, म्हणून ते तानुबाईनं म्हटलं. मग तानुबाई म्हशीला पाणी दाखवायला उठून गेली, आणि अंजना नवऱ्याशी चार शब्द एकटीच बोलली. असं माझं पोट भरलं.

पलटणीत माझं फार कौतुक झालं. बर्फात बसलेली सातारा-सांगलीची पोरं माझ्याभोवती गोळा व्हायची आणि "हवालदार, चुंबळ लावा," म्हणायची. कुणी नक्कल मागितली तर ज्ञानू देत नसे. कुणी चुकून माझ्यावर दुसरं काही भरू नये म्हणून त्यानं माझ्या पाठीवरची प्लॅस्टिकची बारीक पाकळी मोडून टाकली. ती मोडली की तिथं खाच पडते, आणि खाच असलेल्या कॅसेटवर नवीन काही भरता येत नाही. मला वाटलं, आता मी जन्मभर सुरक्षित.

पण ज्ञानूची एक सवय होती. पोरांमध्ये मला लावलं असताना अंजनाचा आवाज थांबला की तो पटकन बटण दाबायचा. स्वतःच्या बायकोचं कौतुक चारचौघांत करायला तो लाजत नव्हता. थोरल्या भावजयीचा आवाज मात्र परक्या पुरुषांत वाजवणं त्याला बरं दिसत नव्हतं. मान राखायचा म्हणून त्यानं तिला मुकं केलं.

पेन्शनीवर आला तेव्हाही त्यानं तेच केलं. पहिल्याच संध्याकाळी त्यानं मला अंगणात लावलं. गल्ली जमली. तानुबाई उंबऱ्यात बसून आपल्या कडव्याची वाट पाहत होती. अंजनाचा आवाज थांबला आणि ज्ञानूनं बटण दाबलं. म्हणाला, "हे आमच्या अंजनाचं गाणं." तानुबाई उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

मित्रांनो, त्या दारानं पुढं सगळं खाल्लं. तानुबाईला वाटलं, अंजनानंच नवऱ्याला शिकवून आपलं कडवं कापलं. अंजनाला वाटलं, अक्का जळते. एकीनं विरजण मागणं बंद केलं, दुसरीनं अंगण झाडताना केर जावेच्या बाजूला ढकलायला सुरुवात केली. रानाच्या वाटासुद्धा वेगळ्या झाल्या. हळदीकुंकवाला समोरासमोर आल्या की तानुबाई तिसरीलाच विचारायची, "गाणाऱ्या बाईला कुंकू लावलं का गं? नायतर रेडिओवर सांगंल." अंजनाही काही कमी नव्हती. ती म्हणायची, काही बायकांना दुसरीच्या डोक्यावरची पाटी दिसते, आपली रिकामी चुंबळ दिसत नाही.

त्याच सुमारास 'चुंबळ' नावाचा एक सिनेमा आला. यात्रेच्या तंबूत तो लागला तेव्हा ज्ञानू मोठ्या आशेनं अंजनाला घेऊन गेला. सिनेमात उसातली मारामारी होती, पाटलाचा वाईट मुलगा होता आणि एका गाण्यात नटीच्या डोक्यावर नवीकोरी चुंबळ होती, तीसुद्धा रेशमाची. गाणं ढोलकीवरचं, उडतं. त्याचंही नाव 'चुंबळ'. गावातल्या लोकांनी ज्ञानूला चिडवलं की तुझं गाणं चोरीला गेलं. ज्ञानूनं भांडणं केली. मला त्याचा राग येण्यापेक्षा कीवच आली. नाव कुणी चोरत नाही हो, ते वाऱ्यावर पडलेलंच असतं. एका शब्दावर दहा गाणी आणि चार सिनेमे बसू शकतात, आणि नंतर आलेला मोठा असेल तर आधीचा खाली दबतो. माझ्या पाठीला निदान खाच होती. नावाला तीही नसते.

आणि माझी खाच तरी काय टिकली? तानुबाईच्या मुलाचं, जयराजचं लग्न ठरलं. वरातीत त्या सिनेमाचंच गाणं पाहिजे, असा त्याचा हट्ट. एके सकाळी ज्ञानू-अंजना रानात गेलेले असताना तानुबाई त्यांच्या घरात आली, फळीवरून तिनं मला उचललं, पदराखाली घेतलं आणि बाजारातल्या दुकानात नेऊन दिलं. दुकानदार म्हणाला, हिच्यात आधीचं काहीतरी आहे. तानुबाई म्हणाली, "चुंबळच हाय की. चुंबळीवर चुंबळ भर." त्यानं माझ्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. मग ढोलकी सुरू झाली. ती ढोलकी पुढं सरकत होती आणि तिच्याखाली अंजनाचा आवाज ओळीओळीनं मरत होता. मला ओरडता येत नाही, हे माझं दुर्दैव.

वरात झाली. तानुबाईनं मला होते त्या फळीवर परत ठेवलं. ज्ञानूचा टेपरेकॉर्डर तोवर बिघडला होता, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. पुढं ज्ञानू वारला. अंजनानं मला त्याच्या काळ्या ट्रंकेत, गणवेशाच्या घडीखाली ठेवलं. तिथं डांबरगोळ्यांच्या वासात मी किती काळ पडून होते, मोजलं नाही. फक्त एवढं ऐकत होते की अंजनाला घशाचा आजार झाला, शस्त्रक्रिया झाली, आणि तिचा आवाज खरखरीत झाला. आता ती ट्रंकेवर हात ठेवून सुनेला, पूजाला म्हणायची की माझा आवाज यात हाय, तो अजून तरणा हाय.

मग यंदा आणखी एक 'चुंबळ' सिनेमा निघाला. त्याची जाहिरात झळकली तेव्हा कुणा निवृत्त फौजीनं मोबाइलवर लिहिलं की हे नाव आमच्या हवालदाराच्या बायकोच्या गाण्याचं आहे. ते वाचून सिनेमाच्या जाहिरातीचं काम बघणारा ऋषिराज नावाचा तरुण विश्रामबागहून गाडी घेऊन आला. त्याला गावातच कार्यक्रम करायचा होता. आधी जुनं गाणं वाजवायचं, गाणाऱ्या आजींचा सत्कार करायचा, मग नव्या सिनेमाची झलक. पूजानं आधी मोबाइलवर शोधून पाहिलं. 'चुंबळ' म्हटल्यावर जुना सिनेमा आला, नवा आला, कुणा नाचणाऱ्या पोरांचं गाणंसुद्धा आलं. सासूचं काही आलं नाही. ते फक्त माझ्याकडं होतं, असं सगळ्यांना वाटत होतं.

मला वाजवणारं यंत्र कवठे महांकाळच्या अश्फाककडं निघालं. तो ते घेऊन आला, त्यानं माझी पट्टी निरखली आणि म्हणाला की ही फार चिकट झाली आहे, दोनदा वाजवली तर तुटेल, म्हणून एकदाच लावू आणि तेव्हाच मोबाइलमध्ये भरून घेऊ. म्हणून आधी कुणी ऐकून पाहिलं नाही. अंजनानं नवं लुगडं नेसलं. गल्ली जमली. शेजारच्या ओट्यावर तानुबाई येऊन बसली. तिला काय वाजणार ते ठाऊक होतं.

अश्फाकनं बटण दाबलं. ढोलकी वाजली.

ऋषिराज आधी हसला, मग ओशाळला. "आजी, हे तर जुन्या सिनेमातलं गाणं आहे." भिंतीवर बसलेल्यांतलं कुणीतरी फिदीफिदी हसलं. अंजना यंत्राकडं बघत राहिली. अश्फाकनं वाकून माझी पाठ पाहिली आणि हळू आवाजात सांगितलं की खाचेवर चिकटपट्टी आहे, हे नंतर कुणीतरी भरलं आहे.

"कुणीतरी न्हवं," तानुबाई ओट्यावरून म्हणाली. "मी भरलंय. जयराजच्या लग्नात. चुंबळच पायजे हुती न्हवं? ऐका की मग."

अंजना उभी राहिली. तिच्या तोंडून शब्द आधी नुसता वारा होऊन आला. "माझा आवाज हुता त्यात, अक्का. ह्या नरड्यातनं तो आता परत येनार न्हाई."

"माझा बी हुता. तो कुनाला ऐकू दिलास?"

"तुमी माझ्या घरात शिरून चोरी केली."

"तू माझं गानं चोरलंस, मी तुझी कॅसेट. फिटलं."

मग जे बोलणं झालं ते मी सांगत नाही. मेलेल्या नवऱ्यांपर्यंत गेलं ते. पूजा मध्ये पडायला गेली तर दोघींनी तिलाच गप्प केलं. या गोंधळात मला बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. सिनेमाचं गाणं संपलं. खट्ट आवाज झाला, थोडी खरखर झाली, आणि अंगणात एक तरणा आवाज उभा राहिला,

पाटी घे तू डोईवर, चुंबळ मी वळीते,
दोघी जावांचं ग ऊन, मी वाटून घेते.

तो तानुबाईचा होता. सिनेमाचं गाणं आखूड पडलं होतं, म्हणून एवढं शेवटचं वाचलं. आणि पाठोपाठ अंजना बोलली, नव्या सुनेसारखी लाजत, कुजबुजत. "आवं, ऐकताय न्हवं? अक्का म्हशीकडं गेल्यात म्हनून सांगते. समदं गानं त्यांनीच रचलंय, मी निस्तं म्हनून दावलं. कुनी इच्यारलं तर त्यांचं नाव सांगा. माझं नगं."

मग म्हैस हंबरली, आणि पुढं कोरी पट्टी.

मित्रांनो, मला वाटलं, आता एक जण तरी अंगण ओलांडेल. तानुबाई ओट्यावरून उठली. पण तिनं काय विचारलं ते ऐका.

"एवढं ग्वाड बोलता येत हुतं, तर माझ्या तोंडावर का बोलली न्हाईस? कॅसेटीत कशाला बोललीस?"

"त्यांनी तुमाला सांगितलं आसंल, आसं मला वाटलं," अंजना म्हणाली. "आन् तुमी इच्यारलं कवा? दार तर तुमीच लावलं."

"लावलं. आन् आता बी लावते."

आणि लावलं.

ऋषिराजनं दोन्ही दारांत हेलपाटे घातले. दोघींचा सत्कार करू, दोन लुगडी देऊ, दोन खुर्च्या ठेवू म्हणाला. ती असेल तर मी नाही, असं दोन्ही घरांतून एकच उत्तर आलं. कार्यक्रम त्यांच्याविना झाला. नव्या सिनेमाचं नवं गाणं एवढ्या जोरात वाजलं की इथं अंगणापर्यंत ऐकू आलं. त्याचंही नाव 'चुंबळ'.

मला आता कुणी आत घेत नाही. अंजना म्हणते, गाणं अक्काचं आहे, तिच्याकडं टाका. तानुबाई म्हणते, कॅसेट अंजनाची आहे, तिच्याकडं टाका. पूजानं मला दोन घरांच्या सामाईक भिंतीतल्या बाहेरच्या कोनाड्यात ठेवलं आहे. ऊन लागतं. मुंग्या येऊन जातात. एका दाराचा आवाज झाला की दुसरं दार लागतं, ते मी रोज ऐकते.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही, ते तुम्ही शाळेत लिहून मोकळे होता. मी एवढंच मागते. कुणावर नवीन काही भरायच्या आधी जुनं शेवटपर्यंत ऐका, मग ती कॅसेट असो की माणूस. आणि कुणाबद्दल चांगला शब्द मनात आला तर तो त्याच्या तोंडावर बोला. माझ्या पोटात ठेवाल, तर मी तो सांभाळीन, एखाद्या दिवशी जसाच्या तसा परतही देईन. पण लागलेलं दार उघडायला मला हात नाहीत.