मोहळकड्याची वाट

किन्हवलीहून मुरबाडकडे जाणाऱ्या गाडीवाटेवरून मोहळकडा दिसत नाही. दिसतात ती कळकाची बेटं आणि त्यांच्यामागची एक साधी टेकडी. टेकडीच्या पोटात घळ आहे. घळीत शिरलं की काळा कातळ एकदम समोर उभा राहतो आणि मान पार मागे टाकावी तेव्हा त्याचा माथा दिसतो. आग्या माश्या दरसाल तिथे पोळी बांधतात. घळीत जायला वाट एकच, ती आंबेखोर पाड्यावरच्या हिराबाईच्या परसातून.

१९३८ साली ती वाट बंद होती. हिराबाईने तिच्यावर करवंदीच्या काट्या पुरुषभर उंच रचून ठेवल्या होत्या.

त्या वर्षी भातं झोडून झाल्यावर रणदिवे नावाचे गृहस्थ पाड्यावर आले. तानसाच्या धरणावर ते नोकरीला होते आणि सुट्टीला कातळ चढायची त्यांना हौस होती. खांद्यावर दोराचं वेटोळं, पिशवीत लोखंडी खुंट्या आणि हातोडा.

"कडा? कसला कडा?" पाड्याचा म्हातारा कारभारी गोजर म्हणाला. "इकडं कडा नाय. कडा पायजे तर माहुलीला जा."

"वाशिंदला एकानं सांगितलं, आंबेखोरला आहे."

"वाशिंदच्याला सोताची सासुरवाडी सापडत नाय, कडा कुठनं सापडला?"

ओट्यावरचा नथू पुढे सरकला. "हाय रावसाहेब, हाय. असं नीट जावा. एक वढा लागंल, तो वलांडा. दुसरा लागंल, तोबी वलांडा. मग तुमचा तानसा लागंल. तिथंच ऱ्हावा."

सगळे हसले. पाणी हवं का, असं कोणीही विचारलं नाही. रणदिवे निमूट मागे फिरले. पाड्याच्या टोकाला एक झोपडी बाकीच्या घरांकडे पाठ करून उभी होती. तिच्या दारातून एक माणूस म्हणाला, "कडा मी दावतो. पण माझं एक काम करा."

तो कुंडलिक, हिराबाईचा थोरला भाऊ. त्याचं काम काय होतं, ते कळायला मोहळ काढायची इथली रीत ठाऊक हवी.

माणूस कड्यावरून दोराने खाली उतरतो, पोळी कापून टोपल्यात भरतो. त्याचा दोर दरसाल त्याची बायको नवा वळते, आपट्याच्या सालीचा, अखंड, मध्ये कुठेही सांधा नसलेला. आणि वर तो दोर धरतो बायकोचा भाऊ. दोर झाडाला बांधत नाहीत, एक वेढा देऊन हातात धरतात. आपली बहीण रांडाव व्हावी असं कुठल्याही भावाला वाटणार नाही, म्हणून हा मान मेहुण्याचा. आणखी एक गोष्ट. बहिणीने वळलेला दोर भाऊ तपासत नाही. तपासला तर बहिणीवर संशय घेतल्यासारखं होतं.

तीन वर्षांपूर्वी हिराबाईचा नवरा नामा त्या कड्यावरून पडून मेला. वर दोर धरायला कुंडलिक होता. तो म्हणत होता, दोर तुटला. भार गेला तसा मी मागे उताणा पडलो, माश्यांनी घेरलं, आणि माझ्या हातातला तुकडा निसटून खाली घसरला. हिराबाई टोपली घ्यायला कड्याच्या पायाशी उभी होती. ती म्हणत होती, दोर आख्खाच्या आख्खा खाली आला. कुंडल्यानं सोडला. तो दोर मी त्यांच्या सरणावर ठेवला.

पाड्याने बहिणीचा शब्द खरा मानला. तेव्हापासून कुंडलिकला कोणी पंक्तीला बसवत नव्हतं, चुलीला विस्तव देत नव्हतं. पाड्यावर सकाळी सगळ्या घरांतून खापरीत निखारे घेऊन ये-जा चाले, याच्या दाराशी कोणी थांबत नसे. तीन पावसाळे त्याने एक ओंडका झोपडीत रात्रंदिवस धुमसत ठेवला होता. तो विझला तर मागायला जागा नव्हती.

कुंडलिक रणदिव्यांना घेऊन परत गोजरच्या ओट्यापुढे आला.

"गोजरबाबा, कड्याच्या मधी चिरंत एक झाड हाय, पिंपरी. माझ्या हातचा तुकडा तिच्यात अडकला असंल. हे साहेब चढून बघतील. तिथं दोर गावला तर मी खरा. नाय गावला तर आजच पाडा सोडतो."

"आजच?" नथूने विचारलं.

"आजच."

"मग बघू द्या की, बाबा," नथू म्हणाला. "पाडा तरी निवळंल."

रणदिवे वैतागले होते. "हे पाहा, मला तुमच्या भांडणात पडायचं नाही. मला फक्त कडा चढायचा आहे."

"कडा भांडणाच्या पलीकडंच हाय," गोजर उठत म्हणाला. "चला."

परसात हिराबाई कोयता घेऊन उभी होती. "काट्याला हात लावंल त्याचा हात ठेवनार नाय."

"हिरे, बाजूला हो," गोजर म्हणाला. "आज हा जाईल कायमचा. तुलाच बरं."

"माझा माणूस तिथं पडला. तिथं तमाशा नको."

"तुझा माणूस पडला, आन माझं काय राहिलं गो?" कुंडलिक ओरडला. "तीन वरसं कुत्र्यावानी टोकाला राहतो!"

"कुत्रा बरा. धरलेलं सोडत नाय."

नथूने आणि आणखी दोघांनी काट्या ओढल्या. तिने कोयता उगारला, पण मारला नाही. सगळे घळीत शिरले. ती मागून आली.

कडा पाहताच रणदिव्यांचा वैताग गेला. ते कातळावर तळहात फिरवत राहिले. मग दोराचं एक टोक त्यांनी कमरेला बांधलं. "मी चढताना खुंट्या ठोकत जाईन, दोर त्यांच्या लोखंडी कड्यांतून येईल. खाली कोणीतरी दुसरं टोक धरायला हवं."

"तुमचा मेहुना कुठाय?" नथू.

"पुण्याला. त्याला कंदीलसुद्धा नीट धरता येत नाही." रणदिव्यांनी दोराचं टोक कुंडलिकपुढे केलं. "तू धर."



"त्याच्या हातात देऊ नका," हिराबाई म्हणाली. "मरायचं असंल तर द्या."

कुंडलिकने दोर पाठीमागून घेतला, पाय रोवले. रणदिवे चढू लागले. हातोड्याचे ठोके घळीत घुमत होते. पिंपरीच्या अलीकडे त्यांचा पाय निसटला आणि ते लोंबकळले. दोर ताठ झाला. कुंडलिक हातभर पुढे ओढला गेला, गुडघ्यावर आला, तळहाताची साल निघाली, पण दोर सुटला नाही. रणदिव्यांनी पुन्हा पकड घेतली. हिराबाई वर पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती.

"आहे!" वरून हाक आली. "दोर आहे इथे! गुंतलेला आहे!"

कड्याच्या ओठाखाली पाऊस पोचत नव्हता, म्हणून दोर कुजला नव्हता. रणदिव्यांनी तो सोडवून खाली टाकला. गोजरने उचलला, एक टोक पाहिलं, मग दुसरं.

"हिरे, आख्खा दोर सरणावर ठेवलास ना? मग हा कुठला?"

रणदिवे खाली उतरून येईपर्यंत कुंडलिक जागचा हलला नाही. त्यांचा दोर खाली ठेवल्यावरच तो गोजरजवळ आला. सोललेल्या तळव्याने तो तुकड्यावर हात फिरवत गेला आणि तुटल्या टोकाशी थांबला. बाकीचा दोर तांबूस होता. टोकाची वीतभर साल काळी, जुनी होती. तांबूस पेड त्या काळ्या पेडांत गुंफून वरून बारीक सालीने आवळले होते.

"सांधा हाय," तो म्हणाला. "हा काळा मागल्या सालचा दोर. जोडून दिलास तू."

"मी तापानं पडले होते," हिराबाई एकदम बोलली. "साल काढायला रानात कोन जानार? ते म्हनले, उद्याच पायजे दोर, पोळी भरल्यात. कोनी विचारलं मला, हिरे, उठवतं का तुला?"

"आन नामाच्या कमरंचा तुकडा?" कुंडलिकने विचारलं.

"जाळला. सांधा दिसला असता." तिने कोयता टाकला. "तू हात फिरवला असतास तर तवाच कळलं असतं. का नाय फिरवलास?"

"भनीच्या दोरावर?"

"हां, भनीच्या दोरावर!"

"फिरवला असता तर तूच पाड्याला सांगत बसली असतीस, भाऊ संशय घेतो म्हनून."

गोजरने दोर गुंडाळला. "कुंडलिक खरा. आजपास्नं पंक्तीला बसंल. आन हिला विस्तव देनार नाय कोनी, घेनार नाय कोनी." त्याचा आवाज तीन वर्षांपूर्वीचाच होता, फक्त नाव बदललं होतं. नथूने लगेच मान डोलावली आणि कुंडलिकच्या पाठीवर हात ठेवला. कुंडलिकने तो झटकून टाकला.

रणदिवे आपल्या खुंट्या गोळा करून परसातूनच परत गेले. जाताना ते "पुन्हा येईन" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खापऱ्यांची ये-जा सुरू झाली. हिराबाईच्या दाराशी कोणी थांबलं नाही. कुंडलिकच्या झोपडीत ओंडका धुमसतच होता. त्याने त्यावर मडकंभर पाणी ओतलं, खापरी उचलली आणि पाड्याच्या मधून, सगळ्यांच्या देखत, बहिणीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"विस्तव दे."

हिराबाई चुलीपाशी बसली होती. "काय बोलाया आलास?"

"बोलाया नाय आलो. तुझ्याशी बोलनार नाय मी, मरंस्तवर. विस्तव दे."

तिने चिमट्याने दोन निखारे त्याच्या खापरीत टाकले. गोजर अंगणापर्यंत आला होता, तो तिथूनच परत फिरला. कुंडलिकने निखाऱ्यांवर फुंकर घातली आणि ज्या वाटेने आला त्याच वाटेने, सगळ्यांच्या घरांपुढून, खापरी दोन्ही हातांत धरून गेला.

उद्या सकाळीही त्याला यावं लागणार होतं. आपला ओंडका त्याने विझवून टाकला होता.