चार नंबरच्या खड्ड्यातली लाल क्लिप

उत्खननाच्या शाळेत मी नाव घातलं तेव्हा एलिहिओमामा पोट धरून हसला. "अगं फिदेलिया, माती उपसायचा आम्हाला पगार मिळतो आणि तू ती शिकायला जातेस?" मामा तिथला मुकादम. बाकीची अकरा पोरं परदेशातली, आमच्या सुकोत्झ गावची मी एकटीच.

'जुन्या माया लोकांच्या घरांतल्या चुन्याच्या जमिनी अभ्यासायच्या आहेत,' असं मी अर्जात लिहिलं. धादांत खोटं. मला चार नंबरचा खड्डा हवा होता. तेरा वर्षांपूर्वी तो माझ्या बापाने खणला होता. खड्डा बुजवताना तळाशी बाटलीत त्या वर्षीचं नाणं ठेवतात, म्हणजे जुनं काम कुठवर झालं ते पुढच्याला कळतं. मी तेव्हा सहा वर्षांची. "मलाही ने" म्हणून भोकाड पसरलं, तर त्याने माझ्या केसांतली लाल क्लिप काढून घेतली. "तुझ्याऐवजी हिला नेतो. बाटलीत ठेवतो. मोठी झालीस की तूच काढ."

पुढच्याच आठवड्यात तो ह्यूस्टनला गेला. वर्षभर फोन आले, पण पैसे नाहीत की परतायचं नाव नाही. शेवटी आईने चिडून नंबरच बदलला. "त्याचा एक शब्द तरी खरा झालाय का?" ती अजून म्हणते.

मला तेवढंच बघायचं होतं. एक तरी.

खड्डा मिळाला. तिसऱ्या आठवड्यात भुसभुशीत भराव संपत आला, तशी माझी थापी भराभर चालायला लागली. मामा वरून डोकावला. "हळू गं. ती काय पळून जाणारेय?" म्हणजे याला सगळं ठाऊक होतं.

बाटली निघाली. नाणं होतं. क्लिपही होती, एक दात तुटलेली.

मी खड्ड्यातच बसून हमसाहमशी रडले. शेजारच्या पोरीला वाटलं मला ऊन लागलं, ती पाणी घेऊन धावली. बाप खोटारडा ठरला असता तर सुटले असते मी. आता त्याची आठवण काढत बसणं आलं.

शेवटच्या दिवशी खड्डा बुजवायला घेतला. मामा म्हणाला, "क्लिप घरी ने."

"नको." मी क्लिपला चिठ्ठी गुंडाळली आणि नव्या नाण्यासोबत बाटलीत घातली. चिठ्ठीवर माझा फोन नंबर होता, पेन्सिलीने लिहिलेला. शाई ओलीत टिकत नाही.

"आता हा खड्डा कोण उघडणार, वेडे?"

"ज्याला ठाऊक आहे तो," म्हणत मी पहिलं फावडं ओतलं.