हार्लनच्या गाडीचं बॉनेट

नकली गाडी मला दहा पावलांवरून ओळखू येते, असं मी आयुष्यभर सांगत आलोय. आमच्या हॅमिल्टन गावातले लोक ते मानतातही. जुनी मसल कार, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली दांडग्या इंजिनाची गाडी, घ्यायची झाली की आधी माझ्याकडे येतात, "डेन्व्हर, जरा चल ना बघायला" म्हणतात, आणि मीही फार आढेवेढे न घेता हत्यारं उचलतो. हत्यारं म्हणजे काय, एक टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तो लांब दांड्याचा इवलासा आरसा. आरसा माझ्या भाच्यानं, रँडलनं दिलाय. तो सिनसिनाटीत दातांचा डॉक्टर आहे. लोकांच्या तोंडात डोकावून त्यानं बक्कळ पैसा केला आणि पन्नाशीत त्याला मसल कारचं वेड लागलं.

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी त्याचा फोन आला.

"मामा, गाडी सापडली! एकोणसत्तरची शेवेल एस.एस., मोठ्या इंजिनाची, लालबुंद. आणि तुझ्याच गावात!"

"कुणाची?" मी विचारलं खरं, पण उत्तर मला ठाऊक होतं. आमच्या गावात तशी गाडी एकच.

"ओपल साइझमोर म्हणून बाई आहेत. नवरा मार्चमध्ये गेला. त्यांची अट एकच आहे. तपासायला डेन्व्हर टॅकेटच आला पाहिजे, दुसरा कुणी चालणार नाही. बघ, काय नाव आहे तुझं!"

नाव! हार्लन साइझमोरचं आणि माझं प्रकरण गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण ते घडलंच सगळ्यांसमोर. उन्हाळ्यात दर शनिवारी दुपार कलली की आइस्क्रीमच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत आम्ही आपापल्या गाड्या लावतो, बॉनेट उघडतो, घडीच्या खुर्च्या टाकतो आणि एकमेकांच्या इंजिनांना नावं ठेवत बसतो. वीस वर्षांपूर्वी हार्लननं आपली शेवेल तिथे पहिल्यांदा आणली. आता एस.एस. म्हणजे त्या वर्षी साध्या मालिबूवर, शेवेलच्याच नेहमीच्या मॉडेलवर, चढवलेला साज आणि मोठं इंजिन. समोरच्या काचेखालच्या पट्टीवरचा गाडीचा नंबर मालिबू एवढंच सांगतो, पुढचं काही बोलत नाही. खरं-खोटं ठरतं ते इंजिनाच्या पुढच्या कडेला, बोटभर जागेत ठोकलेल्या आकड्यांवरून; त्यात इंजिनाची जात आणि गाडीच्या नंबरचे शेवटचे आकडे असतात. हार्लनच्या इंजिनावर ती जागा कोरी होती. मी बोट फिरवलं, तर गुळगुळीत. आकडे कोण उडवतो? ज्याला काही लपवायचं असतं तो.

"नकली आहे रे," मी म्हटलं.

"काय?" हार्लन म्हणाला. कागदाच्या गिरणीत तीस वर्षं काढल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं.

म्हणून मी ओरडून सांगितलं. "नकली! साधी मालिबू नटवून आणलीस!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. हार्लननं आवाज न करता बॉनेट लावलं. त्यानंतर तो दर शनिवारी येत राहिला, त्याच जागी गाडी लावत राहिला, पण बॉनेट काही त्यानं पुन्हा उघडलं नाही. आम्ही त्यावर पुष्कळ हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी.

तर त्या सकाळी मी आणि रँडल ओपलच्या दारात उभे राहिलो. ती बाहेरच होती. मी टोपी काढली.

"ये, डेन्व्हर. अजून लांबूनच ओळखतोस का गाड्या, की आता डोळे गेले?"

"ओपल, हार्लनचं कळलं तेव्हा यायला हवं होतं मी."

"हवं होतं. मक्याचा पाव भट्टीत टाकलाय. तो मिळेल काम झाल्यावर. आणि तुझं जे काही मत असेल ते माझ्या तोंडावर सांग. पाठीमागे खूप ऐकलंय मी."

गाडी गॅरेजमध्ये होती. मी चुंबक फिरवायला सुरुवात केली. नटवलेल्या गाडीला गंजाच्या जागी पुट्टी भरलेली असते, तिथे चुंबक गळून पडतं. इथे ते दारांना, मागच्या चाकांवरच्या पत्र्याला, सगळीकडे घट्ट चिकटलं. मागचा अॅक्सल एस.एस.चाच. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडावर, ओतकामाची तारीख होती, तीही गाडीच्या तारखेच्या एक महिना आधीची, म्हणजे जशी हवी तशी. रँडल माझ्या मागे मागे फिरत होता.

"मामा, नकली असेल तर तीस हजार डॉलरांत मागू ना?" तो कुजबुजला.

"तू दात बघ," मी म्हटलं. माझं मन कशातच लागत नव्हतं. गाडी नकली निघावी असं मला आतून वाटत होतं, हे कबूल करतो. वीस वर्षांपूर्वी मी जे ओरडलो ते निदान खरं तरी ठरलं असतं.

शेवटी बॉनेट उघडलं. ती बोटभर जागा कोरीच होती. पण मागच्या वेळी मी तिच्यावरच्या रंगाच्या थरावरून नुसतं बोट फिरवून निकाल दिला होता. या वेळी मी थिनर लावून रंग पुसून काढला, टॉर्च आडवी धरली आणि आरसा आत घातला.

कारखान्यातून आलेल्या ब्लॉकवर तिथे बारीक सरळ रेघा असतात. आकडे लपवणारा माणूस कानशीनं घासतो, त्याचे ओरखडे वाटेल तसे गेलेले असतात. इथे कमानी होत्या. एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर. म्हणजे कुणीतरी ब्लॉक मशीनवर चढवून रीतसर सपाट केला होता; आम्ही याला फेसिंग म्हणतो, आणि त्यात कडेचे आकडेही निघून जातात. आणि प्रत्येक चौथी कमान थोडी खोल गेली होती.

मी आरसा आणखी जवळ नेला. मशीनच्या चार पात्यांपैकी एक वाकून पुढे आलेलं असलं की चौथी कमान अशी खोल जाते. ते मशीन मी ओळखत होतो. स्वतःचं दुकान काढण्याआधी मी एरी रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये त्याच मशीनवर बावीस वर्षं उभा होतो, आणि ते पातं बदला म्हणून मालकाच्या मागे लागून लागून दमलो होतो. दुसरं कुणी ते मशीन चालवतच नव्हतं.

"ओपल," मी वर न बघताच विचारलं, "या ब्लॉकचं फेसिंग कुणी केलं?"

"वीस वर्षं लागली तुला हे विचारायला," ती म्हणाली. आत जाऊन तिनं बिस्किटांचा एक डबा आणला आणि त्यातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

अक्षर माझं होतं. ऑक्टोबर एक्क्याऐंशी. हार्लन साइझमोर, हेड गॅस्केट गेलं, ब्लॉक सपाट करणे. खाली, 'फेसिंगआधीचे आकडे', आणि मग आकड्यांची पूर्ण ओळ. त्याखाली माझी सही. ब्लॉकवरचे आकडे उडणार असतील तर आधी कार्डावर उतरवून घ्यायचे, ही त्या दुकानातली शिस्त मीच घालून दिली होती. दिवसाला आठ-दहा ब्लॉक हाताखालून जायचे. त्यातला एक हार्लनचा होता.

मी काचेखालच्या पट्टीवरचा नंबर कार्डाशी ताडून पाहिला. शेवटचे सहा आकडे जुळले. इंजिनाच्या जातीची अक्षरं एस.एस.चीच होती. गाडी जन्मापासून अस्सल होती, आणि तिचा पुरावा मी स्वतःच्या हातांनी खरवडून काढला होता.

"त्याला आठवत होतं? हे मीच केलं होतं ते?"

"आठवायला कशाला हवं? तुझी सही आहे ना त्यावर. त्या दिवशी घरी आल्या आल्या त्यानं हे कार्ड शोधून काढलं. मी म्हटलं, जा आणि फेक त्याच्या तोंडावर. तर म्हणाला, डेन्व्हरनं दुकान काढून तीन महिने झालेत. हा आकडे उडवतो, असं गावात झालं तर जुनं इंजिन घेऊन कोण जाईल त्याच्याकडे? पोरं लहान आहेत त्याची. असू दे."

"पण नंतर? वीस वर्षं?"

"दर उन्हाळ्यात मी म्हणायचे, आता दाखव. तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. मलाही शब्द द्यायला लावला होता. तो जिवंत असेपर्यंत बोलायचं नाही म्हणून."

मी तिथेच चाकाला टेकून खाली बसलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या तीन महिन्यांच्या दुकानावर माझी दोन्ही पोरं कॉलेजात गेली. आणि मी दर शनिवारी त्या बंद बॉनेटकडे बघून हसत होतो.

"म्हणजे मामा, गाडी अस्सल?" रँडलला राहवेना.

"माझ्यापेक्षा कितीतरी," मी म्हटलं.

"मग... मग किंमत?" त्यानं ओपलकडे घाबरत पाहिलं.

"अस्सल गाडीची असते तीच. तीच सांगितली होती मी तुला," ओपल म्हणाली. "पण गाडी सोमवारी ने. आज तिला काम आहे. पाव खाऊन घ्या दोघं, मग निघू."

मी पाव खाल्ला. नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

चार वाजता ओपलनं स्वतः गाडी चालवत आणून हार्लनच्या जागी लावली. तिथल्या म्हाताऱ्यांनी मला तिच्या शेजारून उतरताना पाहिलं आणि लगेच सुरू झाले. "काय डेन्व्हर, मालिबूतून फिरतोस? तुझी बंद पडली का?"

मी पुढे जाऊन बॉनेट उघडलं आणि दांडी लावली. एकेक जण खुर्चीतून उठून आला. मी खिशातून कार्ड काढलं.

"ही गाडी अस्सल आहे," मी म्हटलं. "हिचे आकडे मी उडवले."

मागून ओपलनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मोठ्यानं, डेन्व्हर," ती म्हणाली. "हार्लनला कमी ऐकू यायचं."

मी कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि पहिल्या ओळीपासून ओरडून वाचायला लागलो.