घुमटानं नाव घेतलं

मित्रांनो, मी एक जुना घुमट आहे, कोल्हापुरातल्या एका सरकारी दवाखान्याच्या डोक्यावर बसलेला. माझा नकाशा एका गोऱ्या साहेबाने काढला. विजापूरचा घुमट पाहून तो इतका भारावला, की इथे येऊन तसाच, पण लहान बांधायचा हट्ट धरून बसला. साहेब विलायतेचा, घाट विजापूरचा आणि चुन्यात गूळ मात्र कोल्हापूरचा! म्हणून तर मी गोड बोलतो.

माझ्याखाली हाक मारली की ती घुमून परत येते. त्यामुळे इथे एक रीतच पडली. बारसं झालं की आत्या बाळाला घेऊन यायची आणि त्याच्या नावाने मोठ्याने हाक मारायची. मी ते नाव परत दिलं की सगळे म्हणायचे, "घुमटानं नाव घेतलं!" मग पेढे वाटले जायचे. मला कोणी पेढा दिला नाही, पण माझा रुबाब काही कमी नव्हता.

कोल्हापूरकर मुळात हळू बोलत नाहीत, त्यात माझी भर. डॉक्टरांना पेशंटचं काही ऐकू येईना. शेवटी १९९३ साली माझ्याखाली प्लायवूडचं छत ठोकलं गेलं. मला माणसं दिसेनाशी झाली. फार एकटं वाटायचं. वरून पावसाचं पाणी मुरत गेलं आणि मला भेगा पडल्या.

२००४ साली श्रीशैल नावाचे इंजिनिअर आले. मला पाडून स्लॅब टाकायचं ठरलं होतं. प्लायवूड उतरलं, पहारी आल्या. तेवढ्यात भाचीला कडेवर घेऊन शेजारच्या गल्लीतल्या अंबूबाई आत आल्या.

"ह्यो पाडणार हाय व्हय?"

"व्हय. गळतोय," श्रीशैल म्हणाले.

"मग जरा थांबा की, पावणं! माझं नाव ह्येनंच घेतलंय. हिचंबी घिऊ द्या."

मी घाबरलो. इतक्या वर्षांत आवाज गेला असेल तर?

"वर्षाराणीऽऽ!"

राणी... राणी... मी म्हणालो. बाळ वर बघून हसलं. श्रीशैल यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या पोरीच्या वक्ताला हे बंद हुतं," ते पुटपुटले. मग इकडे तिकडे बघत, लाजत त्यांनी हाक मारली, "रक्षिता!"

मी ते नाव जीव ओतून परत दिलं. त्यांनी डोळे पुसले आणि गड्यांना सांगितलं, "पहारी ठेवा खाली. चुना मागवा. भेगा बुजवून घेऊ."

मित्रांनो, जुन्या इमारतीत गेलात तर भिंतीवर खिळ्याने नाव कोरू नका, आम्हाला दुखतं. नुसते खाली उभे राहा आणि नाव घ्या. मी ते परत देईन.