बोटभर फट

"इथंबी आवळा," म्हणत बब्रुवाननं पडद्यावरच्या रेघेवर बोट आपटलं.

मुरुम गावच्या महालिंगप्पानं कळ दाबली. साखर कारखान्यातला हा तरणा इंजिनिअर. दुष्काळानं ऊस करपला, धुराडं थंड पडलं. त्या सवडीत वाफेची नवी लाइन टाकायची होती. पाइप कुठल्या टेकूवर नुसता टेकतो अन् कुठं जखडतो, हे आधी कॉम्प्युटरला सांगायचं, मग ताणाचा हिशेब तो करणार. टेकू दाखवायला जुना फिटर म्हणून बब्रुवानला शेजारी बसवलं होतं.

गेल्या साली तो घरीच शिडीवरून पडला. मांडीचं हाड जुळलं, भीती मात्र गेली नाही. डॉक्टर म्हणाले होते, आता आपल्या पायानं चाला, नाहीतर पाय कायमचा अधू राहील. पण बायको, सिताबाई, सोडेल तर ना! घरून आणायची, परत न्यायची, अन् दंड असा धरायची की बोटं उमटायची.

"म्या काय चोर हाय का?" तो रोज खेकसायचा. उद्यापासून येऊच नको, असं आज तिला ठणकावून सांगायचं त्यानं ठरवलं होतं.

पडद्यावर आकडे आले, तसा महालिंगप्पा हसला.

"मामा, सगळीकडंच आवळलंय तुम्ही. तापल्यावर पाइप वाढणार कुठं? पहिल्याच दिवशी फुटेल की!"

बब्रुवान ओशाळला. हयात वाफेच्या पाइपाखाली गेलेल्या माणसानं हे असं सांगावं?

"ठावं हाय की मला. पर पडल्यापासनं कायबी सुटं दिसलं की आवळावंसंच वाटतंय."

दोघांनी टेकू पुन्हा मांडले. एकच टोक जखडलं, पुढं पाइप नुसता टेकवला.

"पाइप कलू नये म्हणून बाजूला अडणी लावायची, तिला फट किती?" महालिंगप्पानं विचारलं.

"बोटभर. सरकाया जागा पायजे, अन् कलला तर आडवायाबी कुणीतरी पायजे."

बोलता बोलता त्याची नजर खिडकीबाहेर गेली. लिंबाखाली सिताबाई कधीची येऊन उभी होती. आपण भ्यालो तर सगळी लाइन आवळून बसलो. हिनं तर आपल्याला पडलेलं डोळ्यांनी बघितलं होतं. त्याला एकदम भरून आलं.

तो बाहेर आला. तिनं दंड गच्च धरला. आज तो खेकसला नाही.

"लई भ्याली व्हतीस का गं तवा?"

"न्हाय तर काय! जीव ऱ्हायला व्हता का माझा जाग्यावर?" तिचे डोळे भरले.

त्यानं तिची बोटं हळूहळू सोडवली अन् तळहात आपल्या कोपराखाली आणून ठेवला.

"धरू नगंस. नुसता खाली असू दे."

"अन् पडलात म्हंजी?"

"तुझ्याच अंगावर पडंन की!"

"या बया!" पदरानं डोळे पुसता पुसता ती हसली.

तो चालू लागला. पाय लटपटत होता, पण चालत होता. ती बाजूनं, कोपराखाली तळहात धरून, मधे बोटभर फट ठेवून. हात भरून आला असेल, पण घराचा उंबरा येईपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.