रांगेबाहेरचा फोटो

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. कपड्यांची नव्हे, गाण्याची तर नव्हेच. छातीचा एक्स-रे काढला की तो फोटो जिच्यावर लावून डॉक्टर बघतात ना, ती दिव्याची पेटी. पत्र्याचं अंग, पुढे दुधी काच, आत दोन ट्यूब आणि खाली एक काळं बटण. कारखान्यात माझ्यासारख्या कितीतरी जणी तयार झाल्या. मला एका रुग्णालयाच्या छातीविभागाची भिंत मिळाली आणि मी स्वतःला मोठी भाग्यवान समजले. वय लहान होतं, अक्कलही बेताचीच होती.

माझे चांगले दिवस मोठ्या डॉक्टरांच्या काळातले. माणूस तिरसट, पण फोटो बघायला लागला की जागचा हलायचा नाही. खोलीतला दिवा मालवायला लावायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि गळ्याच्या हाडामागे, हृदयामागे, सगळे कानेकोपरे धुंडाळायचे. "जुना फोटो आणलाय का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. संशय आला की पेशंट खुर्चीवरून उठायच्या आत पुढच्या तपासणीची चिठ्ठी तयार. "आज नको, पुढच्या महिन्यात करतो," असं कुणी म्हणालं की खेकसायचे, "मग गाठीलाही सांगा थांबायला!" तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

ते निवृत्त झाले. फोटो संगणकावर दिसू लागले. माझी डावी ट्यूब गेली, ती कुणी बदलली नाही. माझ्या कोपऱ्याला कुणी छत्री अडकवली, काचेवर कुणी सूचना चिकटवल्या. रोज सकाळी मला पुसायच्या त्या फक्त मावशी. मावशी म्हणजे आमच्या विभागाच्या सफाई कामगार; कुणाच्याच सख्ख्या नव्हेत आणि सगळ्यांच्याच मावशी. सूचना ओल्या होऊ न देता कडेकडेने फडकं फिरवायच्या आणि म्हणायच्या, "म्हातारे, तुला आणि मला आता कोण विचारतंय?"

याच मावशींना खोकला लागला. तुम्ही म्हणाल, बरं झालं, रुग्णालयातच होत्या की! मलाही तसंच वाटलं होतं. कसलं डोंबल! कंपाउंडरने कपाटातली खोकल्याची बाटली काढून दिली. नर्स म्हणाली, "फिनेलचा वास बाधतोय तुम्हाला." जिन्यात भेटलेल्या डॉक्टरांनी चालता चालता गोळ्या सांगितल्या. मावशींनी विडी-सिगारेट कधी ओढली नव्हती, त्यामुळे वाईट शंका कुणाच्या मनाला शिवलीच नाही. डबा घेऊन येणारी लेक माझ्यासमोर चिडायची, "आई, रीतसर केसपेपर काढ ना गं!" मावशी हसायच्या. "अगं, मी इथलीच. मला कशाला हवा नंबर?" आणि त्याचं त्यांना केवढं कौतुक!

खोकला हटेना, तेव्हा एक्स-रे काढणाऱ्या दादाने जेवणाच्या सुट्टीत त्यांना मशीनपुढे उभं केलं. नाव नोंदवलं नाही. घरच्या माणसाचं काय नोंदवायचं? ज्यांची नावं नोंदलेली असत, त्यांचे फोटो वरच्या मजल्यावरच्या तज्ज्ञांकडे जात आणि ते नीट तपासून अहवाल देत. मावशींचा फोटो मात्र फिल्मवर छापून थेट मावशींच्या हातात आला. तो त्यांनी इथे आणून आमच्या विभागाच्या नव्या डॉक्टरांना दाखवला. डॉक्टर घाईत होते. माझं बटण त्यांच्या कोपराला लागत होतं, मित्रांनो! ते दाबायचं सोडून त्यांनी फोटो खिडकीकडे धरला. बाहेर आभाळ भरून आलेलं. "काही नाही मावशी, थोडा कफ आहे. वाफ घ्या." मावशींनी त्यांचे दहादा आभार मानले आणि तो फोटो माझ्यामागे, भिंतीच्या फटीत जपून ठेवला. कितीतरी महिने तो माझ्या पाठीशी पडून होता आणि मला तोंड नव्हतं.

मग मावशींचा आवाज बसला. खांदा दुखू लागला, फडकं दुसऱ्या हातात आलं. एक दिवस रुमालावर रक्त दिसलं. लेकीने आईचं काही एक न ऐकता रांगेत उभं राहून केसपेपर काढला आणि हाताला धरून तिला त्याच डॉक्टरांसमोर बसवलं. इतकी वर्षं पुसलेल्या त्या खुर्चीवर मावशी पहिल्यांदाच बसत होत्या. नवा फोटो संगणकावर आला आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला. "जुना फोटो आहे का?" मावशींनी तो माझ्यामागून काढून दिला. डॉक्टरांनी माझ्यावरच्या सूचना ओरबाडून काढल्या आणि बटण दाबलं. उजवी ट्यूब पेटली. गळ्याच्या हाडाखाली वाटाण्याएवढी सावली होती, माझ्या अर्ध्या उजेडातही स्वच्छ दिसणारी. आता ती लिंबाएवढी झाली होती.

"तेव्हाच कळलं असतं तर?" लेकीने विचारलं.

"बहुधा ऑपरेशन करून काढता आली असती," डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले.

मावशींनाच त्यांची दया आली. म्हणाल्या, "जाऊ द्या साहेब. त्या दिवशी आभाळ आलं होतं."

तपासण्या झाल्या. कर्करोग निघाला, तोही पसरलेला. आता औषध चालू आहे, पण बरं होण्यासाठी नव्हे. मिळतील तेवढे दिवस मिळावेत म्हणून. माझी डावी ट्यूब मात्र पुढच्याच आठवड्यात हजर झाली! बघा कशी सगळी कामं पटापट होतात!

मित्रांनो, माझी कीव करू नका. घरात कुणाचा खोकला तीन आठवडे हटला नाही, तर त्यांना ओळखीपाळखीने जिन्यात औषध मागू देऊ नका. नाव नोंदवा, खुर्चीवर बसवा, जुना फोटो सोबत न्या, आणि "साहेब, दिवा लावून बघा," असं म्हणायला लाजू नका.

मावशी आता औषधासाठी येतात. दारातून मला त्या बाकावर बसलेल्या दिसतात. परवा नर्सने हाक मारली, "अहो मावशी, तुम्ही कशाला थांबताय? या की पुढे!"

मावशींनी हातातला कागद घट्ट धरला.

"नको गं," त्या म्हणाल्या, "मी नंबरानेच येईन."