एक लाख तीन

आमच्या सौंसरच्या शाळेचे चपराशी सुखदेवभाऊ यांनी एक मोठं काम केलं होतं. १००००३ या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, हे त्यांनी हातानं भागाकार करून सिद्ध केलं होतं, आणि ते कागद उद्या पांढुर्ण्याच्या विज्ञान प्रदर्शनात लागायचे होते. लाखाच्या पुढची ही पहिलीच मूळ संख्या. एक लाख एकला अकरानं भाग जातो, एक लाख दोन तर समच. एक लाख तीनसाठी मात्र त्याच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे तीनशे सोळाच्या आतल्या पासष्ट मूळ संख्यांनी एकेक करून भागून पाहावं लागतं. मी गणिताची बाई, पण एवढा दम माझ्यात नाही.

काम नवराबायकोनं मिळून केलं होतं. चंद्रकला छिंदवाड्याची, हिंदीत शिकलेली. ती माझ्या पुस्तकातून आकडे वाचायची आणि लोधीखेड्यात मराठी शिकलेले सुखदेवभाऊ भागाकार करायचे. रोज संध्याकाळी दोन. महिन्याभरात संपलं, आणि पुढच्या पावसाळ्यात कावीळ होऊन चंद्रकला गेली. तेव्हापासून ते कागद सुखदेवभाऊ कोणाला हात लावू देत नसत.

आज मी हट्टानं तपासायला घेतले. ७९ नं दोनदा भागलेलं, दोन्ही वेळा बाकी ६८. आणि ८९ कुठंच नाही. माझी जीभ आधीच तिखट.

"सुखदेवभाऊ, हे काही सिद्ध झालेलं नाही. एकोणनव्वद राहिलाय."

त्यांनी ७९ च्या दोन्ही भागाकारांवर बोट ठेवलं. "तिनं नवासी म्हटलं असन," ते म्हणाले. "मी उनासी ऐकलं."

हिंदीत एकोणऐंशी म्हणजे उनासी आणि एकोणनव्वद म्हणजे नवासी. मराठी कानाला दोन्हींत ऐंशीच ऐकू येतं.

"अन् भाग गेला तं?"

"तर संख्या मूळ नाही."

"म्हणजे महिनाभर तिला फुकटच बसवलं मी."

मला माझीच लाज वाटली. मी पेन्सिल उचलली, पण त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. "मीच करतो, बाई."

अकराशे तेवीस, बाकी छप्पन. भाग गेला नाही. मला इतका आनंद झाला की मी चहा मागवायला उठले. सुखदेवभाऊ मात्र मान खाली घालून बसलेले.

"दुसऱ्या वेळीबी अडुसष्टच उरले, तवा मी खेकसलो तिच्यावर. म्हटलं, तोच आकडा दोनदा वाचून राहिली, ध्यान कुठं आहे तुझं. ती काईच नाही बोलली. गुपचूप पुढचं सत्तानवे वाचलं."

मी परत खाली बसले. म्हणाले, "तो दुसरा भागाकार खोडून टाका, कागद नीट दिसेल."

त्यांनी खोडला नाही. त्याच्याच खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वाचणारीनं बरोबर वाचलं होतं.'